दोन बोटं कमी

पहिली तुळई सकाळी नऊला वर गेली आणि साडेनऊपर्यंत घरातला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवून मोकळा झाला. गुण्याला बोट दाखवायला कुणी उरलंच नाही, कारण नकाशा तिचा होता.

शाळेच्या वाचनालयाच्या छपराला चौदा तुळया लागणार होत्या. पाडलेल्या एका गोदामाचं जुनं लाकूड, काकांनी तीन महिने तासून, रंधा मारून तयार केलेलं. आठ माणसांनी दोर लावून पहिली तुळई चढवली, एक टोक मातीच्या कुटलेल्या भिंतीवर ठरल्याप्रमाणे नऊ इंच आत बसवलं, आणि दुसरं टोक समोरच्या भिंतीच्या आतल्या कडेला नुसतं शिवून थांबलं. आधी सगळ्यांना वाटलं, तिरकी गेलीये. सरळ केली. तरी तेवढीच. मग बाकीच्या खालीच मोजल्या. चौदाच्या चौदा नऊ इंचांनी आखूड. एखादी चुकली असती तर चूक म्हणता आलं असतं. इथे कुणीतरी अगदी मन लावून, चौदा वेळा, तंतोतंत सारखं चुकलं होतं.

आता दुपारचे तीन वाजले होते आणि घरची माणसं वर्कशॉपच्या वरच्या खोलीत जुन्या टेबलाभोवती बसली होती. या घरातल्या सगळ्या पंचायती याच टेबलावर होत आल्या होत्या. गुण्याचे वडील गेले तेव्हा धंद्याची वाटणी इथेच झाली: सिमेंटचा ठेका दादाकडे, सुतारकाम काकांकडे. टेबल गुण्याच्या वाट्याला आलं. म्हणजे तसं कुणी दिलं नाही, पण त्यावर पसरलेले तिचे कागद उचलायची कुणाची छाती झाली नाही.

"पाच वाजेपर्यंत सांगायचंय," दादा म्हणाला. तो पंख्याखालच्या खुर्चीत बसला होता. वाटणीनंतर या घरात तो कायम पाहुण्यासारखा पंख्याखालीच बसायचा. "लाकडाऐवजी लोखंडी तुळया टाकूया. लोखंडवाल्याचं मशीन उद्या रिकामं आहे. आज हो म्हटलं तर पंधरा दिवसांत छप्पर वर. नाही म्हटलं तर तो दुसऱ्याचं काम घेणार. शाळा महिन्यात उघडतेय."

"माहितीये मला," गुण्या म्हणाली.

"मुख्याध्यापिकाबाईंचा मला फोन आला होता. तुला नाही, मला. पोरांना बसायला जागा द्या, मग ती मातीची असो नाहीतर सोन्याची, असं म्हणाल्या."

हे गुण्याच्या जिव्हारी लागलं. बाईंनी तिला सोडून दादाला फोन करावा! आणि बाईंचं काय चुकलं, तेही तिला सांगता येईना. सकाळपासून तिचं हे असंच चाललं होतं. जो बोलेल त्याचं तिला पटत होतं, आणि दुसरा बोलला की त्याचंही पटत होतं.

लोखंड गेलं तर वाचनालय उभं राहणार होतं, यात शंका नव्हती. फक्त ते तिचं राहणार नव्हतं. मोठ्या ऑफिसातली नोकरी सोडून तिला चार वर्षं झाली होती. तिथे पाच वर्षं तिने काचेच्या उंच इमारतींच्या पार्किंगचे नकाशे काढले. दारात पाम लावले आणि गच्चीवर गवत पेरलं की त्या इमारतींना हिरवं प्रमाणपत्र मिळायचं. एके दिवशी ती उठली आणि एका चुना मळणाऱ्या गवंड्याकडे दोन वर्षं हात पांढरे करत राहिली. मग घरी, काकांच्या भुशात. वाचनालय हे तिचं पहिलं स्वतःचं काम. जुन्या ऑफिसच्या मॅडमनी तिची खुर्ची अजून ठेवली होती. परवा, सोमवारी, त्यांना उत्तर हवं होतं. पहिल्याच कामात स्वतःच्या हाताने लाकूड काढून लोखंड टाकलं, तर त्या खुर्चीशिवाय जायला दुसरं ठिकाण तिला दिसत नव्हतं.

"इंजिनियर काय म्हणतो?" आईने विचारलं.

"सही करणार नाही म्हणतो. मधोमध ठेवली तर दोन्हीकडे साडेचार-साडेचार इंच टेकते. तेवढ्यावर छप्पर ठेवता येत नाही."

"मग दादाचं ऐक," आई म्हणाली. "हट्ट कशाला? लोखंड काय वाईट असतं?" आणि ती तिसऱ्यांदा चहा टाकायला उठली, जरी दुसरा चहा कुणी प्यायलाच नव्हता.

गुण्याने काकांकडे पाहिलं. काका कमी बोलणारे. दिवसाला दहा शब्द पुरवून वापरणारा माणूस. ते नखाने टेबलावरचा वाळलेला सरस खरवडत होते.

"काका, तुम्ही तरी सांगा. नकाशावर मी सहा काठ्या लिहिल्या होत्या. तुम्ही सहाच मोजल्यात ना?"

"सहाच."

"मग?"

"मी विचारलं होतं तुला," काका म्हणाले, आणि पुन्हा सरसाकडे वळले.

आणि मग गुण्याला आठवलं. काकांनी पहिली तुळई कापायला घेतली त्या दिवशी कॉलेजची मुलं वर्कशॉप बघायला आली होती. ती त्यांच्यासमोर आजोबांची काठी हातात धरून बोलत होती. तीन फुटांची ती काठी, दोन्ही टोकांना पितळी टोपणं. टेप यायच्या आधी आजोबांनी तीस वर्षं तिच्यावर कामं केली होती. सहा काठ्या म्हणजे अठरा फूट. या कामापुरत्या गुण्याने वर्कशॉपमधल्या सगळ्या टेपा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून बंद केल्या होत्या. "हाताने करायचं काम हाताच्या मापाने झालं पाहिजे," असं ती मुलांना सांगत असताना मागून काका आले आणि हळूच म्हणाले, "काठी बरोबर आहे ना गं?" आणि ती हसली होती. मुलांसमोर, मोठ्याने. "काका, आता काठीवरही शंका?" मुलंही हसली होती.

"मला पहिली तुळई खांद्यावर घेतानाच हलकी वाटली," काका म्हणाले. आजचा त्यांचा कोटा केव्हाच संपला होता, पण आज ते थांबेनात. "म्हटलं, आर्किटेक्ट आहे, काहीतरी हिशेब असेल. कमी लाकूड वापरायचं म्हणत असते. तेच असेल."

"आणि तुम्ही आणखी तेरा कापल्यात?" दादा खुर्चीतून उठलाच.

"विचारलं होतं एकदा. दोनदा कशाला विचारू? हसायला?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला.

आजोबा आतापर्यंत खिडकीशी डोळे मिटून बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा झोपले आहेत की ऐकत आहेत, हे कळायला मार्ग नसायचा, आणि ते याचा पुरेपूर फायदा घ्यायचे. लहानपणी वहीच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत सगळ्याला कोन तपासायचा गुण्या लावून बघणाऱ्या नातीचं नाव त्यांनीच गुण्या ठेवलं होतं. ते आता डोळे न उघडताच म्हणाले, "भिंती कशाने मोजल्या?"

"टेपने," दादा म्हणाला. "पाया माझ्या माणसांनी घातला. ते काय काठ्या घेऊन फिरणार?"

"मग तिथेच घोळ झाला. सगळंच काठीने मोजलं असतं तर सगळं बसलं असतं."

"म्हणजे माझ्या भिंती चुकल्या?" दादाचा आवाज चढला. "आजोबा, अठरा फूट म्हणजे अठरा फूट. ते काय घरोघरी वेगळे असतात?"

"माझी काठी तीन फूट म्हणजे तीन फूट आहे."

"ठीक आहे. मोजूया."

हे आधी कुणाला कसं सुचलं नाही, याचं नंतर सगळ्यांनाच नवल वाटलं. पण या घरात काठीने सगळं मोजलं जात होतं. काठीला मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दादाने भिंतीवरच्या दोन खिळ्यांवरून काठी उतरवली, टेबलावर आडवी ठेवली आणि खिशातली टेप तिच्यावर सरकवली.

"साडेचौतीस," तो म्हणाला. मग पुन्हा बघितलं. "साडेचौतीस इंच. छत्तीस पाहिजेत."

"टेप खोटी आहे," आजोबा म्हणाले.

काकांनी खाली जाऊन पत्र्याचा डबा आणला. दुसरी टेप. तिसरी. सगळ्या टेपांचं एकमत होतं, जे या घरातल्या माणसांचं कधी झालं नव्हतं. दर काठीला दीड इंच, दोन बोटं कमी. सहा काठ्यांना नऊ इंच.

आजोबांनी डोळे उघडले. हात पुढे करून काठी मागितली, मांडीवर घेतली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं. त्यांचा अंगठा पितळी टोपणावर थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"म्हणजे सगळीच दोन बोटं कमी?" ते म्हणाले. "दारं, जिने... मी लोकांच्या घराचे जिने केलेत या काठीने. गुरुजींनी दिली होती मला. तपासून दिली होती. का नव्हती तपासली?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "मी आयुष्यभर आखूडच बांधत होतो की काय?"

आजोबांना असं बोलताना गुण्याने कधी ऐकलं नव्हतं. तिला रडू फुटेल असं वाटलं, आणि गंमत म्हणजे आधी दादाच त्यांच्यापाशी जाऊन खाली बसला.

"आजोबा, असं काय करता? तुमचं एकतरी दार कधी अडकलं का? मी बांधलेल्या घरांच्या तक्रारी येतात, तुमच्या एकाही घरातून आजवर माणूस आला नाही."

"मग हे काय आहे?" आजोबांनी काठी त्याच्यापुढे धरली.

ज्या काठीवर गुण्याने व्याख्यानं दिली, फोटो काढून घेतले, जिच्यासाठी टेपा डब्यात घातल्या, ती काठीच खोटी. मग खरं काय? नऊ वर्षांत तिने जे जे सोडलं आणि जे जे धरलं, त्यातलं आता नेमकं काय धरायचं होतं, हे तिला कळेना. तिला एवढंच कळत होतं की आजोबांच्या मांडीवरचं हे ओझं तिने आणून ठेवलं होतं.

"लोखंडवाल्याला फोन कर दादा," ती म्हणाली. "हो सांग. मी सोमवारी ऑफिसात जाते. संपवूया हे."

आणि मग दादा, जो सकाळपासून लोखंड लोखंड करत होता, तोच गांगरला. "अगं, मी असं नव्हतो म्हणत. म्हणजे छपराचं म्हणत होतो. ऑफिसचं कुठून काढलंस?"

"तुझंच बरोबर होतं."

"माझं बरोबर आहे, पण तू एवढ्या लगेच हो म्हणू नकोस ना! मला कसंतरी होतं."

"बावळट आहात सगळे," दारातून आई म्हणाली.

तिच्या हातात चहाचा ट्रे नव्हता. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते, आणि चेहरा असा होता की गुण्याला वाटलं हिला चक्कर येतेय.

"मामंजी, काठी खरी होती," आई म्हणाली. "तुमच्या काठीत काही खोट नव्हती. मी कापली ती."

खोलीतल्या चारही माणसांनी एकाच वेळी "काय?" म्हटलं.

"करवतीने. खालून भाऊजींची छोटी करवत आणली आणि कापली. टोपण काढलं, कापली, टोपण परत ठोकून बसवलं. तेव्हा ती दाराआड पडलेली असायची हो! भाऊजींनी टेपा आणल्यापासून कुणी हात लावत नव्हतं तिला. मला काय माहीत पुढे ही बया तिच्यावर व्याख्यानं देणार आहे! भिंतीवर टांगली तेव्हाच सांगणार होते. मग म्हटलं, टांगलीच आहे, राहू दे. सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा."

"पण कशाला कापलीस?" गुण्याला काहीच उमजेना. "आई, दोन बोटं लाकूड कशाला हवं होतं तुला? खाली ढीग पडलाय."

"खाली सगळं मऊ लाकूड होतं. दबून जायचं. दोनदा लावून बघितलं मी. काठीचं कठीण होतं." आईने टेबलाकडे मान केली. "उचल रे ते जरा."

दादाने टेबलाचा कोपरा उचलला. आई खाली वाकली, भिंतीकडच्या पायाखाली हात घातला आणि एक तुकडा काढला. दोन बोटांएवढा, धुळीने काळा पडलेला. दादाने टेबल सोडताच ते त्या कोपऱ्यावर धप्पकन बसलं. गुण्याची पेन्सिल गडगडत जाऊन जमिनीवर पडली.

"तुझी प्रवेश परीक्षा होती," आई म्हणाली. "चित्रकलेची. आठवतंय? टेबल हलतंय, रेघ सरळ येत नाही, म्हणून रडून गोंधळ घातला होतास. आर्किटेक्ट व्हायचंच नाही मला, म्हणालीस. पट्टी फेकून मारलीस भिंतीवर. तुझे बाबा कामावर, भाऊजी कामावर. मग मी काय करणार होते? हातात आलं ते कापलं."

गुण्याला आठवत होतं. रडणं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी टेबल हलायचं थांबलं, हेही आठवत होतं. ते का थांबलं, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यानंतरची परीक्षा, पाच वर्षांचं कॉलेज, घरी आणलेले पार्किंगचे नकाशे, वाचनालयाची पहिली रेघ, सगळं याच टेबलावर झालं होतं. आपण ज्या काठीची ऐट मिरवली, तिचाच तुकडा काढून आईने आपल्याला उभं केलं होतं. याला चूक म्हणायचं की काय म्हणायचं, हे तिला ठरवता आलं नाही.

आजोबांनी हात पुढे केला. आईने तुकडा पदराने पुसून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी पितळी टोपण नखाने उचकटलं, तुकडा काठीच्या टोकाला लावला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. लाकडाची रेघ रेघेला मिळाली होती.

"तीन फूट," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायची त्यांना गरज वाटली नाही. "सूनबाई, कापायचं तर सरळ तरी कापायचंस. किती वाकडी करवत मारलीयेस."

"पहिल्यांदाच धरली होती," आई म्हणाली, आणि मग तिलाही हसू आणि रडू एकदमच आलं.

घड्याळात पावणेपाच झाले होते. दादाचा फोन टेबलावर पडला होता, आणि टेबल उतारावर असल्यामुळे तो हळूहळू घसरत होता. दादाने तो धरला आणि गुण्याकडे पाहिलं. तुळया अजून नऊ इंच आखूडच होत्या. काठी खरी ठरल्याने त्या लांब झाल्या नव्हत्या.

गुण्याला अजून काहीही सुचत नव्हतं. पण एक प्रश्न तिने तीन महिने विचारला नव्हता, तो ती खाली बसून, काकांच्या खुर्चीपाशी, विचारत होती. "काका, तुम्ही काय केलं असतं?"

काकांनी सरस खरवडायचं थांबवलं. "मला विचारतेस?"

"हो."

"हसणार नाहीस?"

"नाही हो काका."

काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मूळ लाकडं वीस फुटांची होती. कापल्यावर दर लाकडाचा पावणेतीन फुटांचा तुकडा उरला. चौदा तुकडे. एकही जाळला नाही मी. मधून कापले की अठ्ठावीस होतात. तुळईच्या दोन्ही टोकांखाली एकेक टेकू द्यायचा. अर्धा भिंतीत, अर्धा बाहेर. तुळई त्याच्यावर बसेल. जुन्या कामांत असं करायचेच." ते थांबले. "बरोबर मापाने कापल्या असत्या तर तुकडे एवढे लांब उरले नसते."

एवढं सलग काका लग्नातही बोलले नव्हते, असं आई पुढे कैक वर्षं सांगत असे.

गुण्याने इंजिनियरला फोन लावला. तो बराच वेळ हं हं करत राहिला. टेकू भिंतीत किती, बाहेर किती, लाकूड किती जाड. ती विचारायची, काका सांगायचे, ती पुढे सांगायची. शेवटी तो म्हणाला, "कागदावर काढून पाठवा. आज पाठवा. नाही होणार असं म्हणत नाही. हो असंही म्हणत नाही."

"तो हो म्हणाला नाही," गुण्या फोन ठेवून म्हणाली.

"नाहीही म्हणाला नाही," दादा म्हणाला. त्याचा स्वतःचा फोन वाजायला लागला होता. लोखंडवाला. दादाने तो तिच्यासमोर धरला. "सांग. मी तुझ्या वतीने बोलणार नाही. उद्या म्हणशील, दादाने केलं."

फोन वाजत होता. चूक तिची होती, आईची होती, काकांच्या गप्प बसण्याची होती, की सगळ्यांची मिळून होती, हे तिला शेवटपर्यंत उलगडलं नाही. तिने फोन घेतला. "नको," ती म्हणाली. "तुम्ही दुसरं काम घ्या. आणि सॉरी, तुम्हाला ताटकळत ठेवलं." मग फोन दादाला परत दिला.

तिने कोरा कागद पसरला, पेन्सिल उचलली आणि पहिली रेघ मारली. टेबल डुगडुगलं. रेघ वाकडी गेली.

आजोबा खुर्चीतून उठले. दादा धरायला गेला तर त्याचा हात त्यांनी झटकला. काठी त्यांनी खिडकीशी उभी करून ठेवली, साडेचौतीस इंचांची, उघड्या टोकाची. तुकडा मुठीत घेऊन भिंत धरत ते टेबलाच्या त्या कोपऱ्यापर्यंत आले आणि गुडघ्यावर बसले.

"मामंजी, तो काठीला चिकटवून देतील ना भाऊजी," आई म्हणाली. "सरस आहे, रात्रीत पक्का होईल."

"काठीचं काम झालंय," आजोबा टेबलाखालून म्हणाले. "उचला रे."

दादाने आणि काकांनी मिळून कोपरा उचलला. आजोबांनी चाचपडत तुकडा पायाखाली सरकवला, वरून दोनदा थापट मारली, आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले.

"हं," ते म्हणाले. "मार आता रेघ."

काकांनी डब्यातली एक टेप काढून कागदाशेजारी ठेवली. गुण्याने रेघ मारली. टेबल हललं नाही.